घरी पडले किती? परदेशातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी

शारजात काम करणाऱ्या, खेड तालुक्यातल्या एका वाचकांनी दोन पावत्यांचे फोटो पाठवले आहेत. एकाच रस्त्यावरची दोन एक्स्चेंज. एकाच्या दारावर ‘झिरो फी’चा फलक आहे. दुसरं व्हॅट धरून २३ दिरहम घेतं. सोबत चिठ्ठी : ‘आमच्या खोलीत सहाजण राहतो आणि स्वस्त कोण याबद्दल सहा मतं आहेत. शिवाय सहाजणांचे पैसे एकत्र करून पाठवले तर आणखी चांगला भाव मिळेल का, हेही सांगा.’

हा प्रश्न न्यू जर्सीतून येतो, स्विंडनला स्थायिक झालेल्या गोवेकरांकडून येतो, सिंगापूरहून येतो, बोटीवर नोकरी करणाऱ्यांच्या बायकांकडून येतो. फक्त चलन बदलतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत परदेशातून घरी येणाऱ्या पैशांचा सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा निघाला : २०.५ टक्के. केरळ १९.७ टक्क्यांवर. म्हणजे पैसे पाठवण्यात आपण आता पहिले आहोत. पाठवताना किती झिरपले हे बघण्यात मात्र अजून तितकेसे नाही.

आधी एकच आकडा विचारा

फी किती, भाव किती, असं वेगवेगळं विचारू नका. काउंटरवर किंवा ॲपमध्ये एवढंच विचारा : ‘माझ्या खिशातून सगळं धरून इतके दिरहम जाणार. घरच्या खात्यात नेमके किती रुपये पडणार?’ हा आकडा सांगायला जो आढेवेढे घेतो, त्याच्याकडून पाठवू नका.

आता शारजाच्या त्या पावत्या. हिशेब कळावा म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. ‘झिरो फी’वाला दिरहमला २४.१५ रुपये देतो. फी घेणारा २४.४५ देतो.

- ५०० दिरहम पाठवले तर : फी नसलेल्याकडून १२,०७५ रुपये पडतात, फीवाल्याकडून ११,६६३. इथे फलक खरं बोलतोय.
- २,००० दिरहम : ४८,३०० आणि ४८,३३८. जवळजवळ बरोबरी.
- ५,००० दिरहम : १,२०,७५० आणि १,२१,६८८. इथे फुकटवाला ९३८ रुपयांनी महाग पडला.

या दोन भावांत काटा पावणेएकोणीसशे दिरहमच्या आसपास फिरतो. त्याच्या खाली फी नसलेला बरा, वर फी घेणारा. म्हणजे खोलीतली सहाही मतं आपापल्या रकमेपुरती बरोबर असू शकतात!

खरा भाव कसा ओळखायचा

दोन दुकानांची तुलना झाली, पण दोघंही महाग असतील तर? त्यासाठी बाजारातला मधला भाव हवा. बँका आपापसांत घेताना आणि विकताना जे दोन भाव लावतात, त्यांच्या मध्यावरचा हा भाव. गूगलवर चलन टाकलं की दिसतो तो साधारण हाच. त्या भावाने तुम्हाला रुपये मिळतीलच असं नाही, पण मोजपट्टी म्हणून तो चालतो.

आखातातल्या मंडळींना तर गूगलचीही गरज नाही. अमिरातीचा दिरहम गेली अनेक वर्षं डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे, सौदी रियाल ३.७५ ने, कतारी रियाल ३.६४ ने. बातम्यांत डॉलरचा भाव ऐकायचा आणि भागायचं. डॉलर ९० रुपये असेल तर दिरहम २४.५१, सौदी रियाल बरोब्बर २४, कतारी २४.७३. (कुवेती दिनाराला हे गणित लागू नाही, तो अनेक चलनांच्या टोपलीशी बांधलेला आहे.)

या मापाने ५,००० दिरहमचे १,२२,५३२ रुपये व्हायला हवे होते. ‘झिरो फी’वाल्याने १,७८२ रुपये ठेवून घेतले, फीवाल्याने ८४४. टक्केवारीत साधारण दीड आणि पाऊण. जागतिक बँकेच्या पाहणीत २०० डॉलर पाठवण्याचा जगभरचा सरासरी खर्च ६ टक्क्यांहून जास्त आहे आणि सर्वांत महाग मार्ग बँकांचा ठरतो. २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांच्या खाली आणायचं संयुक्त राष्ट्रांचं उद्दिष्ट आहे. भारताकडे येणाऱ्या वाटांवर स्पर्धा इतकी आहे की तुम्हाला २०३० पर्यंत थांबायची गरज नाही. दीड टक्क्याच्या वर जात असेल, तर मार्ग बदलून बघा.

पैसे कुठे कुठे झिरपतात

मी लंडनमध्ये असताना पहिल्या पगारातून दोनशे पौंड वडिलांना साताऱ्याला पाठवले होते. बँकेने पाठवणावळ घेतली, ती मला दिसली. मधल्या कुठल्याशा बँकेने आपला हात मारला, तो दिसला नाही. उरलेल्याचे रुपये साताऱ्याच्या बँकेने आपल्या भावाने केले, तेही दिसलं नाही. वडिलांनी रात्री फोनवर विचारलं, ‘पगार कापला का रे तुझा?’

त्या एका व्यवहारात झिरपण्याच्या बहुतेक जागा आल्या :

- भावातला फरक. सर्वांत मोठी गळती हीच, आणि पावतीवर हिचा रकाना नसतो.
- मधल्या बँका. स्विफ्टने पाठवलेले पैसे एक-दोन बँकांच्या हातून येतात आणि त्या आपला खर्च रकमेतूनच कापू शकतात. फॉर्मवर तीन पर्याय असतात : सगळा खर्च पाठवणाऱ्याचा म्हणजे ‘अवर’, वाटून म्हणजे ‘शा’, घेणाऱ्याचा म्हणजे ‘बेन’. कॉलेजची फी किंवा बिल्डरचा हप्ता असा पैसा कमी पडून चालत नाही. तिथे ‘अवर’ निवडा.
- इकडे होणारा चलनबदल. डॉलर किंवा पौंड तसेच भारतात आले, तर तुमची बँक त्यांचे रुपये आपल्या ‘टीटी बाईंग’ भावाने करते. वर चलनबदलावर जीएसटी : एक लाख रुपयांना १८०, दोन लाखांना २७०, दहा लाखांना ९९०, आणि रक्कम कितीही असली तरी १०,८०० च्या वर नाही. कमीत कमी ४५ रुपये. पैसे रुपयांतच आले तर चलनबदल तिकडेच झालेला असतो, मग ही आकारणी सहसा लागत नाही.
- भरणा कशाने केला. ॲपमध्ये क्रेडिट कार्डाने पैसे भरलेत, तर बरेच कार्डवाले ती रोख उचल समजतात आणि त्याच दिवसापासून व्याज लावतात. खात्यातून थेट भरा.

कुणी कुठून पाठवावं

आखातातून : परवानाधारक एक्स्चेंज आणि त्यांची ॲप हाच बहुतेकांसाठी सोयीचा मार्ग. एकच एक्स्चेंज काउंटरवर एक भाव देतं आणि ॲपवर दुसरा, असं अनेकदा दिसतं. दोन्ही बघा. तुमचा पगार ज्या बँकेत होतो तिची भारतात पैसे पाठवण्याची ‘मोफत’ सोय असेल, तर तिलाही वरचंच गणित लावा. सुट्टी शुक्रवारी असेल तर अमिरातीच्या घड्याळात दुपारी दोनच्या आत पाठवून मोकळे व्हा. त्या वेळी मुंबईत साडेतीन वाजलेले असतात आणि चलनबाजार आवरायला लागतो. शनिवार-रविवारी बाजार बंद, त्यामुळे सोमवारी काय होईल या धास्तीने भाव देणारे आपल्या बाजूने थोडं जास्त धरून ठेवतात.

अमेरिकेतून : इथे ॲपचं पीक आहे. सर्वांत जास्त फसगत होते ती ‘पहिल्या वेळच्या’ भावाने. पहिल्या व्यवहाराला मधल्या भावाहूनही सरस भाव मिळतो, आपण खूश होतो, दुसऱ्या महिन्यापासून साधा भाव सुरू होतो आणि तोपर्यंत सवय लागलेली असते. पहिला भाव घ्या जरूर, पण दुसऱ्या वेळी पुन्हा तुलना करा. तीन ॲप फोनवर ठेवली आणि दर वेळी पाच मिनिटं दिली, तरी पुरे. आणखी एक : १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन परदेशी पैसे पाठवले तर १ टक्का कर लागतो. अमेरिकी बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट-क्रेडिट कार्डाने भरल्यास लागत नाही. दुकानात जाऊन नोटा मोजण्याची सवय असेल तर ती सोडा.

ब्रिटन आणि युरोपातून : वाइझसारख्या कंपन्या मधल्या भावाने पैसे बदलतात आणि आपली फी वेगळी दाखवतात, म्हणून हिशेब सोपा पडतो. या कंपनीची जन्मकथा गमतीची आहे. लंडनमध्ये दोन एस्टोनियन मित्र. एकाचा पगार युरोत, खर्च पौंडात. दुसऱ्याचा पगार पौंडात, घरकर्जाचा हप्ता मात्र एस्टोनियात, युरोत. दोघांनी बँकेला बाजूला ठेवलं. एकाने दुसऱ्याच्या एस्टोनियातल्या खात्यात युरो भरले, दुसऱ्याने त्याच्या लंडनच्या खात्यात पौंड. पैसा सीमा ओलांडतच नाही. २०११ मध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. आपल्या आजोबांनी याला हुंडी म्हटलं असतं, फरक परवान्याचा. अर्थात स्वच्छ हिशेब म्हणजे दर वेळी सर्वांत स्वस्तच असं नाही, तेव्हा शेवटचा रुपयांचा आकडा इथेही ताडून बघा. जर्मनी-नेदरलँड्समधून भरताना युरो खात्यातून साधी सेपा बदली वापरा.

सिंगापूरहून : फेब्रुवारी २०२३ पासून तिथलं पेनाऊ आपल्या यूपीआयला जोडलेलं आहे. मर्यादा दिवसाला १,००० सिंगापूर डॉलर. आईला औषधांसाठी तातडीने काही पाठवायचं असेल तर उत्तम. ठरावीक बँकांनाच ही सोय आहे, आपली त्यात बसते का ते बघा.

बोटीवरच्यांसाठी : परदेशी कंपनीचा पगार बहुधा डॉलरमध्ये थेट तुमच्या एनआरई, म्हणजे अनिवासींच्या, खात्यात येतो. त्यामुळे तुमची सगळी गळती इकडच्या बँकेच्या भावात असते आणि तो भाव बोलून वाढवता येतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. शाखेत जाऊन ‘कार्ड रेट नको, ट्रेझरीकडून भाव मागवा’ असं सांगा. दरमहा हजारो डॉलर आणणाऱ्या ग्राहकाला काही पैसे वाढवून द्यायला बँका तयार होतात. डॉलरमागे ३० पैसे वाढले, तर चार हजार डॉलरला १,२०० रुपये झाले. घर किंवा जमीन घेण्यासाठी मोठी रक्कम आणणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं.

रोख हातात हवी असेल तर : वेस्टर्न युनियनसारख्या मार्गाने पोस्टात किंवा एजंटाकडे पैसे घेता येतात. पण एका वेळी २,५०० डॉलरची मर्यादा, एका माणसाला वर्षाला ३० व्यवहार, आणि रोखीने जास्तीत जास्त ५०,००० रुपये. त्यावरचे खात्यातच जातात. घरात कुणाचंच खातं नाही असं आता क्वचित. त्यामुळे या मार्गाची फी कशासाठी द्यायची याचा विचार करा.

दर महिन्याला पाठवणं गरजेचंच आहे का?

मला विचाराल तर खर्च वाचवण्याची सर्वांत सोपी युक्ती हीच. ठरावीक फी असेल तर ती बारा वेळा देण्याऐवजी चार वेळा द्या. तीन महिन्यांची रक्कम एकदम स्वतःच्या एनआरई खात्यात पाठवा आणि तिथून आईच्या खात्यात दर महिन्याच्या एक तारखेला ठरावीक रक्कम जाईल अशी बँकेला सूचना देऊन ठेवा. खात्यांमधल्या रुपयांच्या बदलीला खर्च नाही म्हटलं तरी चालेल.

मध्येच काही लागलं तर? एनआरई आणि एनआरओ खात्यांना आता बऱ्याच देशांतल्या मोबाइल क्रमांकांवरून यूपीआय जोडता येतं. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, अमिराती, सौदी, कतार, ओमान हे देश त्यात आहेत. रत्नागिरीतल्या औषधाच्या दुकानाचा क्यूआर कोड आईने व्हॉट्सॲपवर पाठवला की तुम्ही दोह्यातून थेट दुकानदाराला पैसे देऊ शकता.

खातं कुठलं, याचा गोंधळ पत्रांतून सारखा दिसतो, म्हणून थोडक्यात :

- एनआरई : परदेशातली कमाई इथे. व्याजावर भारतात कर नाही, पैसे पुन्हा हवे तेव्हा परदेशी नेता येतात. ॲपवाल्याला आधी विचारा की एनआरई खात्यात भरण्याची सोय आहे का, सगळ्यांकडे नसते.
- एनआरओ : भारतातलं भाडं, पेन्शन, शेतजमिनीचं उत्पन्न यासाठी. व्याजावर ३० टक्के आणि वर अधिभार-उपकर कापला जातो. इथून बाहेर नेण्याची मर्यादा आर्थिक वर्षाला १० लाख डॉलर, तीही कागदपत्रांनंतर.
- जुनं साधं बचत खातं : अनिवासी झाल्यावर ते तसंच चालवणं नियमात बसत नाही. बँकेला कळवून एनआरओ करून घ्या. ‘इतकी वर्षं कुणी विचारलं नाही’ हे उत्तर मला नेहमी मिळतं. फ्लॅट विकायच्या वेळी विचारतात.

नाव, आयएफएससी आणि पतसंस्था

पैसे अडकण्याची कारणं बहुधा क्षुल्लक असतात. बायकोचं खातं माहेरच्या आडनावाने, तुम्ही लिहिलंत सासरचं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, पासबुकात आद्याक्षर. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि त्यावर आहे तसंच्या तसं, चूक असेल तर चुकीसकट, लिहा.

आयएफएससी कोडची दुसरी गंमत. बँकांच्या विलीनीकरणांनंतर जुने कोड बाद झाले. देना आणि विजया बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. सिंडिकेट, कॉर्पोरेशन, आंध्रा, अलाहाबाद २०२० मध्ये इतरांत. १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँकही महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिसळली. खेड-चिपळूणकडच्या, तसंच विदर्भातल्या मंडळींनी ॲपमध्ये जपून ठेवलेला जुना लाभार्थी तपशील एकदा शाखेत विचारून नवा करून घ्यावा.

आणि पतसंस्था. गावात बँकेपेक्षा पतसंस्थेत जास्त जाणं-येणं असतं, हे खरं. पण पतसंस्थेच्या खात्यात परदेशातून थेट पैसे येत नाहीत. ती बँक नव्हे, तिला आयएफएससी कोड नसतो. आधी बँकेत, मग तिकडे.

पहिल्यांदा नवीन मार्गाने पाठवताना थोडेच पाठवा. पोचले, आईने पासबुक भरून आणलं, आकडा जुळला, मग पुढचे.

हुंडीवाला जास्त भाव देतो, त्याचं काय?

देतो. हे नाकारण्यात अर्थ नाही. खोलीवर येऊन पैसे घेतो, आणि संध्याकाळपर्यंत गावात घरपोच करतो. पूर्वी कोकणात तर पोस्टमनइतकाच विश्वास या माणसावर असायचा. पण परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ प्रमाणे अधिकृत मार्ग सोडून परदेशातल्या माणसाच्या सांगण्यावरून भारतात पैसे घेणं हा नियमभंग आहे, आणि दंड रकमेच्या तिप्पटपर्यंत होऊ शकतो. घेणारी तुमची आई असते, हे लक्षात घ्या.

कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी अलीकडे नवीन संकट आलंय. आजकाल हुंडीवाला नोटा घेऊन दारात येत नाही, कुणातरी तिसऱ्याच्या खात्यातून यूपीआयने पैसे टाकतो. ते खातं ऑनलाइन फसवणुकीतलं निघालं, तर सायबर पोलीस पैशांचा माग काढत तुमच्या आईच्या खात्यापर्यंत पोचतात आणि खातं गोठतं. तक्रार नोंदली जाते तेलंगणात नाहीतर गुजरातेत, आणि गुहागरच्या म्हातारीला औषधाला पैसे काढता येत नाहीत. ओळखीपाळखीने क्रिप्टो विकून रुपये घेणाऱ्यांचंही नेमकं हेच होतं. शिवाय क्रिप्टोच्या नफ्यावर भारतात ३० टक्के कर आहेच.

कराबद्दल : कुठे घाबरू नये, कुठे सावध राहावं

तुम्ही आईवडील, पत्नी, भावंडं, मुलं यांना पाठवलेल्या पैशांवर घेणाऱ्याला भारतात कर नाही, रक्कम कितीही असो. कायद्याने ठरवलेल्या नातेवाइकांच्या यादीबाहेरच्या कुणाला वर्षात ५०,००० रुपयांच्या वर भेट दिलीत, तर मात्र त्याला ती पूर्ण रक्कम उत्पन्नात दाखवावी लागते. मित्राला, चुलतभावाला उसने देताना ‘उसने’ असं लिहून ठेवा. हो, चुलतभाऊ त्या यादीत येत नाही. आपल्याकडे तो सख्ख्यासारखा असला तरी.

फसायला होतं ते बचतीत. नवरा दरमहा जास्तीचे पैसे पाठवतो, बायको त्यांची तिच्या नावावर मुदत ठेव करते. त्या ठेवीचं व्याज कायद्याने नवऱ्याच्या उत्पन्नात धरलं जातं आणि करपात्र होतं. तीच ठेव नवऱ्याच्या एनआरई खात्यात असती तर भारतात करच लागला नसता. म्हणून घरखर्चाचे तेवढे घरी पाठवा, बचत एनआरईत ठेवा आणि बायकोला नॉमिनी म्हणून नोंदवा.

अमेरिकेतल्या मंडळींना तीन गोष्टी वेगळ्या. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिकेत दाखवावंच लागतं. भारतातल्या सगळ्या खात्यांतली मिळून शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार हे परदेशी खात्यांचं विवरण भरणं भाग आहे. विसरण्याचा दंड जबर आहे. आणि एका व्यक्तीला वर्षात १९,००० डॉलरच्या वर (२०२५ आणि २०२६ ची मर्यादा) भेट दिलीत तर भेटीचं विवरण तुम्ही भरायचं असतं. त्यावर बहुधा कर बसत नाही, कागद तेवढा जातो.

पैसे पाठवताना कारण विचारतात तिथे ‘कुटुंबाचा निर्वाह आणि बचत’ आणि ‘वैयक्तिक भेट’ असे वेगळे पर्याय असतात; त्यांचे कोड अनुक्रमे पी१३०१ आणि पी१३०२. दरमहाच्या पैशांना पहिला. पुण्यात बसून परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांनी मात्र आपला मोबदला यातल्या कशातही घुसवू नये, त्याचे कोड वेगळे आहेत. मोठी रक्कम आली की बँकेकडून एफआयआरसी किंवा तत्सम दाखला मागून फाइलला लावा. पुढे घर विकून पैसे परत न्यायचे झाले की हाच कागद शोधावा लागतो.

पैसे अडकले तर

- अमेरिकेत : पैसे भरण्याआधीच भाव, फी आणि पोचणारी रक्कम लेखी दाखवणं पाठवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. भरल्यावर ३० मिनिटांच्या आत, पैसे पोचले नसतील तर, व्यवहार फुकट रद्द करता येतो. चूक झाली असेल तर १८० दिवसांत कळवा. कंपनीने ९० दिवसांत चौकशी पुरी करायची असते.
- ब्रिटनमध्ये : कंपनी एफसीए या तिथल्या नियामकाच्या नोंदवहीत आहे का हे पाठवण्याआधी बघा. तक्रारीला कंपनी दाद देत नसेल तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे ती विनाशुल्क नेता येते.
- अमिरातीत : एक्स्चेंजला तिथल्या मध्यवर्ती बँकेचा परवाना लागतो. तक्रारीसाठी ‘सनदक’ ही स्वतंत्र यंत्रणा आहे. पावती फेकू नका, तिच्याशिवाय तिथे कुणी ऐकत नाही.
- भारतात : पैसे बँकेपर्यंत आले आणि खात्यात पडले नाहीत, तर बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही.

स्विफ्टने पाठवलेले पैसे ‘वाटेत आहेत’ असं उत्तर मिळालं तर यूईटीआर क्रमांक मागा. छत्तीस अक्षरांचा हा क्रमांक प्रत्येक व्यवहाराला असतो आणि पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते त्यावरून कळतं. शाखेतला कर्मचारी ‘असं काही नसतं’ म्हणाला तरी मागत राहा.

उलट दिशेने पाठवायचे असतील तर

मुलगी म्युनिकला शिकतेय आणि पैसे कोल्हापुरातून जाणार, अशीही पत्रं असतात. निवासी भारतीयाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. एका पॅनवर वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलात की टीसीएस कापला जातो. दर कारणाप्रमाणे वेगळा, म्हणून शिक्षणासाठी असेल तर तसंच नमूद करा. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून भरलेल्या फीवर टीसीएस नाही. कापलेला टीसीएस विवरणपत्रात वळता होतो, तो बुडत नाही. आई आणि वडील दोघांच्या पॅनवर, दोघांच्या खऱ्याखुऱ्या पैशांतून पाठवले तर मर्यादा वेगवेगळ्या मोजल्या जातात.

शारजाच्या खोलीला उत्तर

सहाजणांचे पैसे एकाच्या नावाने पाठवू नका. भाव दोन पैशांनी चढेल, पण एका गवंड्याच्या पगाराच्या खात्यातून सहा घरांना पैसे जाताना दिसले, की एक्स्चेंज त्याचं खातं थांबवून ‘हे पैसे आले कुठून’ म्हणून विचारणार. त्याला उत्तर देता येणार नाही, आणि बाकीच्या पाचजणांकडे पैसे दिल्याची पावतीसुद्धा नसेल. सहाजणांनी एकाच दिवशी, एकाच काउंटरवर, आपापल्या ओळखपत्रावर पाठवा आणि मॅनेजरला सांगा की दर महिन्याला सहा गिऱ्हाइकं येतील, भाव बघून द्या. तुमच्यातले जे पाचशे-हजार पाठवतात त्यांनी ‘झिरो फी’च्या दारात जावं. जे दोन हजारांच्या वर पाठवतात त्यांनी समोरच्या, फी घेणाऱ्याच्या.